स्मरणार्थ शिष्यवृत्ती काढायची आहे? आधी बाकडं विसरा

घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत कुणीतरी म्हणतंच, "त्यांच्या नावानं काहीतरी करूया." मग यादी निघते. कोल्हापूरच्या रंकाळ्यावर बाकडं, देवळात घंटा, शाळेत पाण्याची टाकी. आमच्याकडेही निघाली. माझी आत्या मंगळवार पेठेत शिवणकाम करायची. सकाळी मशीनवर बसण्याआधी ती सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जाऊन उभी राहायची. केसपेपर कुठं काढायचा, कुठली ओपीडी कुठल्या वारी, रक्त तपासायला कुठल्या जिन्यानं जायचं, हे चंदगड-गगनबावड्याहून आलेल्या लोकांना सांगायची. एखादी म्हातारी एकटीच आली असेल तर दिवसभर तिच्याबरोबर थांबायची. पगार नाही, संस्था नाही, गळ्यात ओळखपत्र नाही. तिच्या रक्षाविसर्जनाला आलेले निम्मे लोक आमच्या ओळखीचे नव्हते. अशा बाईच्या नावाचं बाकडं कशाला? म्हणून शिष्यवृत्ती, आणि तीही असल्याच कामात अडकलेल्या पोरांसाठी.

माझी नोकरी पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात गेली, त्यामुळं हे काम माझ्या गळ्यात पडलं. पैशाची बाजू अवघड असेल असं सगळ्यांना वाटतं. तसं काही नाही. अवघड आहे ते खरं काम करणारं पोर शोधणं. पैशाचं तेवढं आधी उरकते.

आकडा आधी, नाव नंतर

समजा चार भावंडांनी मिळून ४ लाखांची ठेव केली. साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला २६,००० रुपये होतात. त्यात दोन विद्यार्थ्यांना प्रत्येकी १२,००० द्या. उरलेले २,००० झेरॉक्स, टपाल आणि जाण्यायेण्याला. बस्स. आकडा ऐकून नातेवाईक हिरमुसतात. "एवढ्या मोठ्या रकमेत दोनच पोरं? त्यापेक्षा हजार-हजाराची पाकिटं वाटूया, चोवीस जणांचं होईल." हजाराच्या पाकिटानं फोटो चांगला येतो, पोराचं वर्ष पुढं सरकत नाही. थोड्यांना द्या, पण पुरेसं द्या. आणि दरवर्षी घरातल्या प्रत्येकानं मूळ ठेवीत थोडी भर घालायची असं पहिल्याच बैठकीत कबूल करून घ्या. मेसचं बिल दरवर्षी वाढतं, व्याजदर वाढेलच असं नाही.

ठेवीएवढी रक्कम जमत नसेल तर ठेवीचा हट्ट सोडा. प्रत्येकानं महिन्याला ठरावीक रक्कम एका खात्यात टाकायची आणि वर्षाला जे जमेल ते द्यायचं. एका विद्यार्थ्याचं भागलं तरी ती शिष्यवृत्तीच.

पैसे कशासाठी द्यायचे, हेही आताच ठरवा. फी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कॉलेजची पावती येते, पण तिथं आता सरकारी योजना बऱ्याच आहेत. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांच्या वेबसाइटवर, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना असलेल्या आर्थिक दुर्बल (ईडब्ल्यूएस), सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो. मग अडतं कुठं? बारावीनंतरच्या पासाला, मेसला, खोलीभाड्याला, सहामाहीच्या पुस्तकांना. शाहू महाराजांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं होत गेली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह झालं. दसरा चौकात उभं राहून चारी बाजूंना बघा, त्यातली काही दिसतील. महाराजांनी खेड्यातल्या पोराला शहरात टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळवून दिलं, कारण शाळा असूनही पोर तिथंच अडत होतं. तुमची शिष्यवृत्तीही पोर जिथं अडतंय तिथं लावा. त्यासाठी "शैक्षणिक खर्च" एवढाच मोघम शब्द नियमात ठेवा आणि खर्चाच्या पावत्या मागायच्या भानगडीत पडू नका. खोलीमालक पावती देत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. काही सरकारी योजनांमध्ये एका वेळी दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. निवडलेल्या विद्यार्थ्याला आधीच काही मिळत असेल तर त्या योजनेच्या अटी त्याच्याबरोबर बसून वाचा. आपल्या बारा हजारांपायी त्याचे चाळीस हजार अडायला नकोत.

कुणामार्फत द्यायचं

तीन वाटा आहेत. पहिली, कॉलेजकडे किंवा विद्यापीठाकडे ठेव देऊन व्याजातून दरवर्षी पारितोषिक. सर्वांत कमी कटकटीची वाट हीच. पण कॉलेजच्या ऑफिसला "तृतीय वर्षात प्रथम" असली अट सोयीची असते, कारण निकालपत्रक बघितलं की काम झालं. सेवा निकालपत्रकात नसते. ही वाट धरलीत तर देणगीच्या पत्रातच लिहून घ्या की निवड कोण करणार, समितीत तुमच्या घरचं एक माणूस असणार की नाही, एखाद्या वर्षी योग्य विद्यार्थी मिळाला नाही तर व्याजाचं काय करायचं. तोंडी ठरलेलं प्राचार्य बदलेपर्यंतच टिकतं.

दुसरी वाट ट्रस्टची. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करायची. विश्वस्तपत्र, नियमावली, विश्वस्तांची कागदपत्रं, ट्रस्टच्या नावाचं पॅन आणि बँक खातं, आणि मग कायमचं शेपूट म्हणजे दरवर्षीचं ऑडिट. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज. देणगीदाराला आयकरात सूट द्यायची असेल तर आयकर खात्याकडं ट्रस्टची नोंदणी आणि देणगीवरच्या सुटीची मान्यता (लोक बारा-ए आणि ८०जी म्हणतात ते) वेगळी घ्यावी लागते, सीएशिवाय त्यात हात घालू नका. इथंच एक ध्यानात घ्या. ठरावीक जातीच्या किंवा धर्माच्याच लोकांसाठी ट्रस्ट काढला तर ८०जी अडतं. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुलं यांच्यासाठी असेल तर अडत नाही. भावकीतला कुणी "आपल्या समाजापुरतं ठेवूया" म्हणाला की मी हा कायदा पुढं करते. वाद वाचतो.

तिसरी वाट घरगुती. ट्रस्ट नाही, सूट नाही, घरच्यांनी काढलेले पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर. आम्ही हीच धरली आणि सुरुवातीला तुम्हीही हीच धरावी असं माझं मत आहे. फक्त बाहेरच्यांकडून वर्गणी गोळा करायला लागू नका, त्याला धर्मादायची नोंदणी किंवा परवानगी लागते. दोन-तीन वर्षं घरच्या घरी चालवून बघा. चालवायचा उत्साह टिकला तर ट्रस्ट आहेच.

सेवा म्हणजे काय, हे फाईल सांगत नाही

आता खरी गोष्ट. "समाजकार्याची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनी अर्ज करावेत" अशी जाहिरात दिलीत की प्लास्टिकच्या फाईली येतात. आत वृक्षारोपण, स्वच्छता अभियान, रक्तदान, प्रत्येकाचं रंगीत प्रमाणपत्र आणि झाडू हातात धरून काढलेला फोटो. पोरांचा दोष नाही, त्यांना तेच मागितलं जातं. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. त्यातून चांगली पोरं घडतात, मी बघितलीत. पण तास भरले याचा कागद सगळ्यांकडे सारखाच असतो. त्यातून तुम्हाला निवड करता येणार नाही. विचारायचं ते असं की शिबिर संपल्यावर त्या गावात पुन्हा कधी गेलास का? कशाला गेलास? तिथं कुणाला ओळखतोस?

पुराचंही तसंच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी गाठायला लागलं की सगळं कोल्हापूर रस्त्यावर उतरतं. २०१९ ला उतरलं, २०२१ ला उतरलं. जेवणाची पाकिटं भरायला हात कमी पडत नाहीत. मी विचारते, पाणी ओसरल्यावर काय केलंस? घरातला चिखल काढायला, भिजलेल्या गाद्या बाहेर टाकायला, शाळेची पुस्तकं वाळवायला, जनावरांच्या वैरणीची सोय लावायला कोण होतं? तेव्हा फोटो काढणारे घरी गेलेले असतात.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सेवेला वेळ लागतो आणि गरीब पोराकडे वेळ नसतो. सकाळी दूध घालून कॉलेजला येणारा, संध्याकाळी हॉटेलात काउंटरला उभा राहणारा, रविवारी स्वच्छता मोहिमेला कसा जाणार? कुंभोजच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी "कमवा आणि शिका" रुजवलं त्या भागातले आपण. कमावणाऱ्या पोराला सेवेच्या तासांची अट घालून बाहेर काढायचं, हे बरोबर नाही. म्हणून आमच्या नियमात तासांचा उल्लेखच नाही. लहान काम चालतं. घराशेजारचं चालतं. नियमित हवं, आणि ते बंद पडलं तर कुणाचं तरी अडलं पाहिजे. ऊसतोडीच्या हंगामात फडाजवळच्या खोपटांतल्या पोरांना दिवेलागणीला अक्षरं गिरवायला लावणारा चालतो. विसर्जनाला इराणी खणीवर दिवसभर मूर्ती उतरवून घेणारा पण चालतो, मात्र वर्षाच्या बाकीच्या दिवसांत तो काय करतो हे विचारल्यावर.

अर्ज एका पानाचा

मराठीत, हातानं लिहायचा. टाइप केलेले अर्ज एकाच सायबर कॅफेत तयार होतात आणि सगळ्यांचं "लहानपणापासून समाजसेवेची आवड" एकसारखं असतं. प्रश्न चारच ठेवा.

तुम्ही कुणासाठी, कुठल्या वारी, किती वाजता काय करता?
ते तुम्ही बंद केलंत तर कुणाची अडचण होईल?
त्या कामात काय जमत नाही?
ज्यांच्यासाठी करता त्यांच्यापैकी एकाचा, किंवा त्यांच्या शेजाऱ्याचा फोन नंबर.

तिसऱ्या प्रश्नाला जो "सगळं जमतं" लिहितो त्याचा अर्ज मी खाली सरकवते. काम करणाऱ्याला काय जमत नाही हे तोंडपाठ असतं.

कागदपत्रं कमीत कमी मागा. बोनाफाईड, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या पासबुकाचं पहिलं पान. झालं. राजपत्रित अधिकाऱ्याची सही, दोन प्रतिष्ठितांची शिफारसपत्रं असलं काही मागू नका. ज्याच्या ओळखी आहेत त्यालाच ती मिळतात. गुणांची अट एवढीच ठेवा की विषय राहिलेले नसावेत.

आमच्याकडे एकदा पन्हाळा तालुक्यातल्या एका वाडीतल्या मुलीचा अर्ज आला. तोही तिच्या बाईंनी बळंच भरायला लावलेला. तिनं लिहिलं होतं, "मी समाजसेवा करत नाही. वाडीतल्या काही म्हाताऱ्या माणसांच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या कॉलेजहून येताना आणते." पुढं बारीक अक्षरात कसं ते होतं. सकाळी एसटीला जाताना चिठ्ठी आणि पैसे घ्यायचे. दुपारी मेडिकलमधून गोळ्या घ्यायच्या, मोड कागदात बांधायची. वाचता येत नसलेल्यांसाठी ती गोळ्या लग्नपत्रिकांच्या जुन्या लखोट्यांत घालायची. सकाळच्या गोळीच्या लखोट्यावर सूर्य काढलेला, रात्रीच्यावर चांदोबा, जेवणाआधीच्यावर रिकामं ताट आणि जेवणानंतरच्यावर भरलेलं. काय जमत नाही? "कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो. मग आजी घेत नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पाकिटावरचं नाव दाखवून समजावावं लागतं. एकदा समजावूनही घेतली नाही." अर्जाबरोबर एकही प्रमाणपत्र नव्हतं.

फोन कुणाला करायचा

संस्थेच्या अध्यक्षाला नाही. अध्यक्ष सगळ्यांबद्दल चांगलंच बोलतात. ज्याचं काम होतं त्याला करा, आणि शिष्यवृत्तीचं नाव काढू नका. नाहीतर पलीकडचा माणूस त्या पोराचं भलं व्हावं म्हणून वाढवून सांगतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. साधं विचारा, "ती मुलगी येते का तुमच्याकडे?" वाडीतल्या आजींना मी फोन लावला तेव्हा नाव सांगूनही त्यांना कळेना. मग म्हणाल्या, "गोळ्यावाली न्हवं का? ती आज यायची न्हाई. सोमवारपतोर परीक्षा हाय तिची. मी शनवारीच आणवून ठेवल्यात." परीक्षेचं वेळापत्रक आजींना पाठ. अर्जाची चौकशी तिथंच संपली.

जमलं तर जाऊन या. एसटीनं जा, म्हणजे ते पोर रोज किती हिंदकळत येतं तेही कळतं. जाताना हार-नारळ नको, फोटो नको. ज्यांची सेवा होते त्यांची गरिबी, त्यांचे आजार पेपरात यायचं कारण नाही, आणि विद्यार्थ्याच्या उत्पन्नाचा आकडाही समारंभात कधी वाचून दाखवायचा नाही.

समितीत पाच जण पुरे, आणि घरचं माणूस एकच. आमच्याकडे निवृत्त परिचारिका आहेत, एक एसटी कंडक्टर होते ते आहेत, एक हायस्कूलच्या बाई आहेत, आणि दुसऱ्या वर्षापासून आधीच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळालेली एक मुलगी. ही पोरं सगळ्यात कडक असतात, बनावट लगेच ओळखतात. अर्जदार कुणाच्या भावकीतला निघाला तर त्या माणसानं त्या चर्चेपुरतं बाहेर जाऊन चहा घ्यायचा, हा लेखी नियम. आणि पेठेतल्या मोठ्या माणसाचा "आमच्या पोराचं तेवढं बघा" असा फोन येणार, हे धरून चाला. "समितीला कळवते" एवढंच म्हणायचं आणि खरंच कळवायचं. कुणाचा फोन आला ते त्या अर्जावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचं, अशी आमची पद्धत. हे एकदा बाहेर कळलं की फोन आपोआप कमी होतात.

तिथीला नको, गरजेला द्या

आत्याची तिथी माघात येते. त्या दिवशी कार्यक्रम करून चेक द्यावा असं घरच्यांचं म्हणणं होतं. पण पोराला पैसे लागतात प्रवेशाच्या वेळी आणि दुसरं सत्र सुरू होताना. माघात दिले तर तोवर त्यानं सावकाराकडून किंवा मामाकडून काढलेले असतात. म्हणून जून महिन्यात जाहिरात, ऑगस्टअखेर अर्ज, सप्टेंबरात चौकशी, घटस्थापनेच्या आत पहिला हप्ता आणि जानेवारीत दुसरा. अर्जाची मुदत जूनमध्ये ठेवू नका. निकालानंतर सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यांची एवढी झुंबड असते की गरजू पोरांचेच दाखले वेळेत हातात पडत नाहीत. शिवाय जुलै-ऑगस्टात शिरोळ-करवीरकडच्या पोरांचं घरच पाण्यात असू शकतं. तिथीला काय करायचं ते करा. आम्ही त्या दिवशी जुन्या-नव्या पोरांना जेवायला बोलावतो, तांबडा-पांढरा रस्सा असतो, भाषण नसतं.

पैसे थेट खात्यावर. कागदाचा मोठा चेक, शाल, फेटा यांतलं काही नको. वर्षभर "काय सेवा केलीस" याचा अहवाल मागू नका. दुसऱ्या हप्त्याआधी एक पत्र लिहायला सांगा, पोस्टकार्ड चालेल. मधे आजारपणानं किंवा परीक्षेनं काम थांबलं तर पैसे परत मागायचे नाहीत. आपल्या घरच्या कार्यक्रमाला खुर्च्या लावायला या पोरांना बोलवायचं नाही, हेही लिहून ठेवा. एक-दोन काकांना ते सुचतंच.

जाहिरात कॉलेजच्या फलकावर लावा, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण असं काम करणारं पोर स्वतःहून अर्ज करत नाही. आशाताईंना सांगा, वसतिगृहाच्या मेसवाल्याला सांगा, सीबीएसवर (मध्यवर्ती एसटी स्टँडवर) पास काढायच्या खिडकीजवळ रांगेतल्या पोरांच्या हातात कागद द्या, राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना सांगा की फाईल नसलेली पोरं पाठवा. आमच्याकडे निवडलेल्यांपैकी बहुतेक जण दुसऱ्या कुणीतरी ढकललेले आहेत.

ज्यांची निवड झाली नाही त्या प्रत्येकाला फोन करा. पाच मिनिटं लागतात. त्यातल्या निम्म्यांनी महाडीबीटीचा अर्ज भरलेला नसतो किंवा भरून त्रुटीत अडकलेला असतो. आधार बँकेला जोडलेलं नाही, नाहीतर दाखल्यावरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नाही, असलीच कारणं. ते सोडवून द्यायला समितीतलं एक माणूस सप्टेंबरचे दोन रविवार मोकळं ठेवा. एखाद्या वर्षी एकही अर्ज मनाला पटला नाही तर रक्कम पुढच्या वर्षात ओढा. नियम सैल करून कुणालातरी देऊन टाकू नका.